धुळीतला नकाशा

"ही डांबरी सडक. हिच्यावर चाक टेकवाचं नाई," भैय्याजींनी काडीनं धुळीत एक आडवी रेघ ओढली आणि तिच्यावर फुली मारली.

प्रेमदास उकिडवा बसून पाहत होता. जिनिंगच्या मालकाचा मुलगा ओटा सोडून त्याच्यासमोर मातीत बसला होता. गावानं असं कधी पाहिलं नव्हतं. प्रेमदासची नजर रेघेपेक्षा त्या मळणाऱ्या पांढऱ्या धोतराकडंच जात होती.

"काऊन नाई, भैय्याजी? सडकेनं तर एका दिवसात नागपूर येते."

"येते ना. पण सडकेच्या दोन्ही अंगांनी वस्ती वाढून राह्यली. ढाबे, दुकानं, ट्रकवाले. सारे लाठ्या घेऊन बसले आहे. दसऱ्याले दीक्षा घ्याले कोणी निंगाला का फोडाचा, असं ठरलं त्यायचं."

"मंग बायामाणसं?"

"त्यायले घरीच राहू दे. तू एकटा डोंगरानं जा, गरमसूरच्या मागून. तीन मुक्काम पडतील, पण एक घर लागणार नाई. तू दीक्षा घेऊन आला का सारी वस्ती आपोआप उठते. तुह्याबिगर ते एक पाऊल टाकत नाई."

हे खरंच होतं. वस्तीतल्या सीताबाईच्या अंगणात सभा झाली तेव्हा प्रेमदासनंच छाती ठोकून सांगितलं होतं: मेलेली ढोरं ओढणं बंद, दसऱ्याला नागपूर, आणि सगळ्यांच्या पुढं मी.

भैय्याजींनी खिंड दाखवली, झरा दाखवला, मुक्कामाच्या जागा दाखवल्या. वर स्वतःची हिरवी इंग्लिश सायकल दिली. तिची घंटा ऐकली की गावातली पोरं न पाहताच बाजूला होत.

"घरी कांताले सांगून येतो."

"सांगशील तर ती रडन. रडली का वस्तीले कळन. मंग सारेच सडकेनं निंगतील न् मार खातील. पाहून घे बाप्पा."

उठू लागलेला प्रेमदास पुन्हा खाली बसला.

भैय्याजी उठले. चपलेनं त्यांनी नकाशा पुसून टाकला. "पाठ झाला ना?"

"रेघ न् रेघ."

•

भैय्याजी म्हणाले होते, खिंडीपुढं पायवाट रुंद होते.

ती बोरीबाभळीत शिरली आणि संपली.

भैय्याजी म्हणाले होते, झरा बारमाही आहे.

होता. पाणी गोड होतं. ओंजळ भरून पिताना प्रेमदासनं त्यांना मनातल्या मनात हात जोडले.

भैय्याजी म्हणाले होते, कड्याच्या डावीकडून उतार आहे.

डावीकडं दरी. उजवीकडं दरी. सायकल खांद्यावर.

दसरा त्याला कड्यावरच उजाडला. तिकडं नागपुरात लाख तोंडांनी शपथ चालली असेल आणि इकडं हा पायातले काटे काढतोय. त्याला राग आला, तोही स्वतःचाच. भैय्याजींनी इतकं नीट समजावलं, अन् वाट चुकलो तो मी.

एकच समाधान होतं. बायको कांता घरी होती. म्हातारी आई धुरपता घरी होती. कुणाचं डोकं फुटलं नव्हतं.

आता फुटायचं तर माझंच फुटो, असं म्हणून तो दुसऱ्या दिवशी सरळ सडकेला उतरला.

•

सडकेवर लाठ्या नव्हत्या. एक ढाबा होता, बसायला टाकलेल्या बाजा होत्या, आणि इंजिनात पाणी भरायला थांबलेला एक ट्रक. ट्रकमध्ये पांढरी लुगडी, पांढरे सदरे, खच्चून भरलेले. एका बाईच्या मांडीवर धुरपता झोपली होती.

मांडी कांताची होती.

प्रेमदासनं घंटा वाजवली. पुन्हा पुन्हा, पोरासारखी. सगळी डोकी वळली. कोणी हसलं नाही.

"नत्थूजी! तुमी सडकेनं गेलते? कोणी अडवलं नाई?"

"कोण अडवते बे?" शेजारचा नत्थू वरूनच म्हणाला. "पायी गेलतो आमी. सारी सडक आपल्याच लोकायनं भरली होती. तू कुठं होता, पुढारी?"

"मी..." त्यानं सायकल आडवी टाकली, काडी उचलली आणि धुळीत बसला. "हे पाह्य कांता. ही सडक. हा गरमसूर. अथी खिंड, अथी झरा, अथी पह्यला मुक्काम, अथी दुसरा..."

एक वळण चुकत नव्हतं. ट्रकच्या फळीवरून सगळे वाकून पाहत होते.

"तुमी गेले त्याच सकाळी भैय्याजी वस्तीत आलते," कांता म्हणाली. "म्हणे, प्रेमदास भ्याला. सायकल मागून नेली, दसऱ्याची गर्दी सरेपर्यंत डोंगर पाह्याले गेला."

तिनं त्या डोंगराच्या रेघांकडं पाहिलं, मग आडव्या पडलेल्या हिरव्या सायकलीकडं.

"आतापर्यंत मी साऱ्यायले सांगत होती, भैय्याजी खोटं बोलते म्हणून."