शेऱ्याचा रकाना

पूर्वाने लॅपटॉप टीपॉयवर वळवून ठेवला आणि पडद्यावरची एक ओळ मोठी केली. तीस एप्रिल एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. कमाल तापमान त्रेचाळीस पूर्णांक सहा. रामदास मेश्रामांनी चष्मा न लावताच स्वतःचे अक्षर ओळखले.

"एवढा एकच आकडा अडतोय, सर," ती म्हणाली. "बाकी सगळं पास झालं."

लोणी काळभोरजवळच्या एका शेती फार्मवर हवामानाची नोंद ठेवण्याचे काम मेश्रामांनी सव्वीस वर्षे केले होते. जर्मनीतील एका संशोधक गटाने आता अशा जुन्या नोंदवह्या संगणकावर आणायला घेतल्या होत्या. उद्याच्या उन्हाळ्यांविषयी त्यांनी बांधलेले अंदाज त्यांना इथल्या कालच्या उन्हाळ्यांवर पारखून पाहायचे होते. पूर्वा पुण्यात राहून त्या गटासाठी काम करत होती. तिच्या प्रबंधाचा अर्धा भाग याच केंद्रावर उभा होता.

गटप्रमुखांचे पत्र तिने छापून आणले होते. सव्वीस वर्षांत एकाही दिवसाचा खंड नाही, असे केंद्र आम्ही दुसरे पाहिलेले नाही, असे त्यात लिहिले होते. शोधनिबंधात निरीक्षकाचे नाव छापले जाणार होते. त्यांच्या पत्नी हिराबाईंनी पत्राचे मराठी तिच्याकडून दोनदा ऐकून घेतले होते आणि पत्र टीव्हीवर, सगळ्यांना दिसेल असे उभे करून ठेवले होते.

"आकड्यात काय खोट आहे?" मेश्रामांनी विचारले.

"शेजारच्या दोन्ही केंद्रांवर त्या दुपारी ढग होते. एकोणचाळीसच्या वर पारा गेला नाही. म्हणून संगणक तो नाकारतो. आधीचे तीन दिवस बघा, चाळीसच्या आसपास. ते त्याला एकदम पसंत आहेत."

मेश्रामांनी त्या तीन आकड्यांकडे पाहिले. शाई तीच होती. बहुधा एकाच बैठकीतली.

हिराबाई चहा घेऊन आल्या. "अठ्ठ्याऐंशीचा एप्रिल? म्हणजे आमच्या रतनचं लग्न. नागपूरला काय ऊन होतं बाई. नवरदेवालाच भोवळ आली होती."

"हो का, काकू?" पूर्वा हसली आणि पुन्हा पडद्याकडे वळली.

हिराबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. मग कप खाली ठेवला, आणि ट्रे हातात धरून तिथेच उभ्या राहिल्या.

पूर्वाने एक छापील कागद पुढे केला. त्यावर दोन चौकटी होत्या: नोंद बरोबर आहे, नोंद चुकीची आहे. "चुकीची म्हणालात तरी बिघडत नाही, सर. लिहिताना हात चुकतो कुणाचाही. तेवढा एक आकडा वगळतील. बाकी सव्वीस वर्षं तशीच राहतील."

"आणि निरीक्षक त्या दिवसांत तिथे नव्हताच, असं निघालं तर?"

"मग अवघड होतं. एकदा तसं सापडलं की अख्खं केंद्रच दुसऱ्या दर्जात टाकतात. नाव वगैरे राहत नाही." तिने चहाचा घोट घेतला. "पण तुमच्या बाबतीत तो प्रश्नच नाही."

खाली सोसायटीच्या पंपाची घरघर थांबली.

"कमाल तापमापक पाहिलाय ना तुम्ही?" मेश्राम म्हणाले. "त्यातला पारा एकदा चढला की आपोआप उतरत नाही. ताप मोजायच्या नळीसारखा झटकावा लागतो. कुणी झटकला नाही तर चार दिवसांत जे सर्वांत जास्त असेल, ते धरून बसतो."

पूर्वाने कप खाली ठेवला.

"मी तीस तारखेला संध्याकाळी नागपूरहून परत आलो. पारा त्रेचाळीस सहावर होता. ते ऊन खरं होतं. कोणत्या दिवशी पडलं, ते मला माहीत नाही."

"आणि आधीचे तीन?"

"रकाना रिकामा ठेवायचा नाही, असा साहेबांचा दंडक होता. रिकामा ठेवला की मेमो यायचा."

"सर, हे मला सांगितलं नसतंत तर चाललं असतं," पूर्वा हळू म्हणाली. "मी चुकीची म्हणून खूण केली असती."

"मग खरा होता तेवढाच आकडा गेला असता."

"अहो, ते पत्र," हिराबाई टीव्हीकडे पाहत म्हणाल्या.

मेश्रामांनी चष्मा लावला. दोन्ही चौकटी त्यांनी तशाच सोडल्या. खाली शेऱ्यासाठी दोन ओळींची जागा होती. तिथे त्यांनी सावकाश लिहिले: सत्तावीस ते तीस एप्रिल, निरीक्षक गैरहजर. पहिले तीन आकडे अंदाजाने. चौथा वाचलेला, दिवस अज्ञात. अक्षर पडद्यावरच्या अक्षराशी जुळत होते.

त्यांनी सही केली आणि कागद परत दिला. पूर्वाने तो दोन्ही हातांनी घेतला, वाचला, पुन्हा वाचला.

"तारीख राहिली, सर," ती म्हणाली. "तीस एप्रिल घालू? नोंद त्या दिवसाची आहे."

"नको. आजचीच घाला," मेश्राम म्हणाले. "मागच्या तारखेचं माझं एकदा लिहून झालंय."