सहा आकड्यांचा लीव्हर

"लाल नको. लाल लगेच दिसेल," बहीण म्हणाली.

गॅरेजच्या काउंटरवर तिच्या मेकॅनिक भावाने क्लच-ब्रेकच्या लीव्हरचे तीन जोड मांडले होते. जेवणाची वेळ म्हणून शटर अर्धं खाली होतं, आणि आज ते तसंच राहू दे, अशी तिने आल्या आल्या गळ घातली होती. गाडी रक्त तपासणाऱ्या लॅबची. त्या मोटरसायकलवरून ती नऊ वर्षं दवाखान्यांतले नमुने लॅबमध्ये पोचवत होती, आणि उद्या सकाळी सुपरवायझर मागच्या सीटवर बसून तिची अख्खी फेरी पाहणार होता. सिग्नलला तिच्या हातून क्लच सुटला, गाडीने उडी मारली आणि नमुन्यांची पेटी रस्त्यावर आली, एवढं त्याच्या कानावर गेलं होतं. क्लच का सुटला, ते अजून गेलं नव्हतं.

तिच्या बोटांत संधिवात शिरला होता. सकाळी टूथपेस्टचं झाकण उघडता उघडता नाकी नऊ यायचे. लॅबमध्ये सगळे तिला 'रॉकेट' म्हणत, आणि या रॉकेटला हल्ली चहाचा कप दोन हातांनी उचलावा लागे. बिनगिअरची स्कूटर मागावी, तर कारण सांगावं लागलं असतं. कारण सांगितलं की घरी बसायचं, हे दुसऱ्या एकाच्या बाबतीत तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि घरात कमावणारी ती एकटी.

तिने मधला जोड उचलला. काळा, आखूड, जेमतेम दोन बोटं मावतील एवढा. "हा दे, दादा. माझा हात लहान आहे."

भाऊ हसला. आखूड लीव्हर कॉलेजची पोरं ऐटीसाठी लावतात, त्याला जोर उलट जास्त लागतो, हे त्याने पाना हातात घेऊन तिला समजावलं. टोकाशी धरला तर नट मुकाट सुटतो, मध्ये धरला तर घाम काढतो. तिचा चेहरा पडला. आठवडाभर तिने त्या आखूड जोडावर भिस्त ठेवली होती.

मग त्याने तिसरा जोड पुढे सरकवला. हाही काळा, पण लांब, आणि बुडाशी एक छोटी चकती. चकतीवर एक ते सहा आकडे. एकवर लीव्हर हँडलच्या मुठीपासून सगळ्यात लांब, सहावर सगळ्यात जवळ. ती गाडीशेजारच्या स्टुलावर बसली आणि दोन्ही हात काखेत घालून उबवू लागली.

त्याने जुने लीव्हर काढले, क्लचची केबल नव्या लीव्हरमध्ये अडकवली, ग्रीस लावलं. ब्रेकचा बसवला, तर पुढचं चाक जड फिरू लागलं, म्हणजे ब्रेक थोडा लागूनच राहत होता. लीव्हर पुन्हा काढून त्याने आतलं टोक कानसेने जरासं घासलं. चाक मोकळं झालं. एवढ्यात तिने चार वेळा घड्याळ पाहिलं होतं.

"बस आता गाडीवर," भाऊ म्हणाला.

गाडी स्टँडवर, इंजिन चालू, गिअर टाकलेला, मागचं चाक अधांतरी फिरत होतं. एकवर तिची बोटं क्लचच्या लीव्हरपर्यंत पोचलीच नाहीत. तीनवर पोचली, पण मिटेनात. चारवर लीव्हर पूर्ण दाबला गेला, चाक थांबलं, आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्याने ते पाहिलं आणि चकती थेट सहावर नेली, केबल ताणून घेतली. आता लीव्हर तिच्या मुठीत अलगद आला. तिने दाबला, सोडला, पुन्हा दाबला. दहा वेळा चाक थांबलं, दहाही वेळा तिच्या कपाळावर आठी उमटली नाही. भावाच्या जिवात जीव आला. उद्या त्या सुपरवायझरलाच पेटी धरायला लाव, असं तो म्हणाला.

ती हसली नाही. तिची नजर चकतीवर होती.

"दादा, सहाच्या पुढे?"

"पुढे आकडा नाही. तिथून पुढे तो मुठीलाच टेकणार."

गोळ्यांनी दुखणं आटोक्यात राहील, पण वाकडी झालेली बोटं सरळ होणार नाहीत, असं डॉक्टरांनी दोघांसमोरच सांगितलं होतं. गेल्या वर्षी याच दिवसांत तिला जुना लीव्हर पुरत होता.

"चारवर ठेव," ती म्हणाली.

"चारवर दुखतंय तुला. बघितलं मी."

"दुखू दे. पाच आणि सहा पुढे लागतील."

"अगं, आकडे काय वापरून संपतात का?"

"मला सहाची सवय लागली, की संपलेच ना."

ऐकणारी ती नव्हती. त्याने चकती दोन घरं मागे फिरवली, केबल पुन्हा जुळवली. तिच्या फेरीत एकतीस सिग्नल होते. तिने दात आवळले आणि एकेक सिग्नल मोजत ती क्लच दाबू लागली.

अकराव्याला भावाने तोंड फिरवलं. पाठीमागून तिचा आवाज आला, "बारा."