चिस्पाची भीती

कबूतर उडालं आणि चिस्पा पुन्हा जमिनीला चिकटली. पोट गवतात, कान मागे, सगळं अंग थरथरत. मग नेहमीसारखी सरपटत ओलेगारियोजवळ आली आणि तिनं त्याचा उजवा हात मनगटाशी तोंडात धरला. चावली नाही. नुसता धरून ठेवला.

"सोड गं बाई," ओलेगारियो म्हणाला. "कबूतर आहे ते. तुला काय खाणार आहे?"

चिस्पा शिकारी कुत्री होती. गवतात दडलेलं तित्तर वासानं हुडकायचं, एक पाय उचलून थिजायचं आणि मालकाची वाट पाहायची, हे तिचं काम. तिला शिकवलं होतं मिल्तननं, ओलेगारियोच्या एकुलत्या एका मुलानं. मिल्तन मागच्या मे महिन्यात गेला. ओलेगारियोनं सगळ्यांना सांगितलं ते असं: चिस्पाला घेऊन एकटाच तित्तरं मारायला निघाला होता. तारेचं कुंपण ओलांडताना भरलेल्या बंदुकीचा बार उडाला. ओलेगारियो निलगिरीच्या राईपलीकडे मेंढ्या बघत होता, तो आवाज ऐकून धावला. पोराला खांद्यावर टाकून घरी आणलं तेव्हा काही उरलं नव्हतं. धावताना तारेत अडकून ओलेगारियोच्या कोटाची उजवी बाही फाटली होती. ती एल्विरानं नंतर शिवली. त्या महिन्यात तिच्या हातून झालेलं तेवढंच एक काम.

तेव्हापासून पंख फडफडले की चिस्पाची ही गत. मालक डोळ्यांसमोर गेला, धसका घेतला बिचारीनं, असं सगळे म्हणत.

एल्विराला ते बघवत नव्हतं. "मे उजाडेपर्यंत ही सुधारली नाही तर विल्मार तिला मेलो गावी घेऊन जाईल," तिनं जानेवारीतच सांगून टाकलं होतं. विल्मार तिचा धाकटा भाऊ. "पोर गेलं ते गेलं. आता त्याची कुत्री रोज माझ्यासमोर मरायला नको."

ओलेगारियोनं वाद घातला नाही. मिल्तनच्या हातचं जिवंत असं घरात एवढंच राहिलं होतं. तेही गेलं असतं तर त्या घरात त्याला श्वास घेता आला नसता.

म्हणून त्यानं तिचं सगळं शिक्षण पहिल्यापासून धरलं. आधी खाण्याच्या थाळ्याखाली तित्तराचा पंख. दहा दिवसांनी थाळ्याशेजारी पिंजऱ्यातलं कबूतर. मग पंख बांधलेलं कबूतर गवतात. तिथपर्यंत बाईसाहेब ठीक असायच्या. हुंगायच्या, थिजायच्या, शेपूट ताठ. पण कबूतर मोकळं उडालं की संपलं. मनगट धरलंच. बंदूक तो बरोबर नेत नव्हता. ती वर्षभर कपाटातून बाहेर आली नव्हती.

मार्चमधल्या एका दुपारी एल्विरा येर्बाचा, म्हणजे नळीनं ओढायच्या कडवट चहाचा, पेला घेऊन माळावर आली.

"मिल्तन हिच्याशी गप्पा मारायचा, आठवतं?" ती म्हणाली. "पाखराखाली आकाश दिसल्याशिवाय चाप ओढायचा नाही हं, चिस्पा. जसं काही बंदूक कुत्रीच चालवणार होती."

"मीच शिकवलं होतं ते त्याला," ओलेगारियो म्हणाला. "तित्तर जमिनीलगत उडतं. खाली आकाश नसलं तर समोर कोण आहे, दिसत नाही."

"इतकं जपणारं पोर. आणि शेवटी कुंपणानं दगा दिला."

ओलेगारियोनं पेला परत केला. अर्धा भरलेला. येर्बा तर पेला रिकामा होऊन नळी वाजेपर्यंत प्यायचा असतो.

मेच्या पहिल्या रविवारी विल्मार आपली बंदूक घेऊन आला. ओलेगारियो मेंढ्यांकडे गेला होता, म्हणून बहीणभाऊच चिस्पाला घेऊन माळावर गेले. लांबून दोन बार ऐकू आले. ओलेगारियो हातातलं काम टाकून घरी परतला आणि दारात उभा राहिला.

दोन तित्तरं घेऊन ते आले. चिस्पाच्या तोंडाला पिसं चिकटली होती आणि शेपूट थांबत नव्हतं.

"दाजी, हिला भित्री कोण म्हणतं?" विल्मार ओरडला. "पाखरू उडालं, बार झाला, ही सुसाट गेली आणि घेऊन आली! उगाच बदनाम केलीत पोरीला."

एल्विरा हसत होती आणि डोळे पुसत होती. वर्षानं हसत होती. "तू केलंस हे," ती नवऱ्याला म्हणाली. "चल, तूही बघ."

"मेंढ्या तशाच सोडून आलोय."

"मेंढ्या कुठं पळून जात नाहीत." तिनं आतून त्याचा कोट आणला आणि लहान मुलाला घालावा तसा त्याच्या अंगात घातला.

माळावर विल्मारनं बंदूक त्याच्या हातात कोंबली. "पहिला मान तुमचा, दाजी. लाजता काय नव्या नवरीसारखे?"

चिस्पा थिजली. एक पाय वर, शेपूट ताठ. किती सुंदर दिसत होती! तित्तर फडफडत जमिनीलगत निघालं आणि ओलेगारियोच्या हातातली बंदूक सवयीनं वर आली.

चिस्पानं पाखराकडे पाहिलंच नाही. गर्रकन मागे वळून तिनं झेप घेतली, त्याची उजवी बाही दातांत धरली आणि सगळ्या वजनानिशी खाली ओढली. बंदूक गवतात पडली.

"घ्या! घाबरली पुन्हा," विल्मार म्हणाला.

एल्विरा जवळ आली. कुत्रीच्या दातांत तिचीच शिवण होती. टाके उसवत होते आणि वर्षापूर्वीची फाट जिथल्या तिथं, जशीच्या तशी उघडी पडत होती. ती वाकून बराच वेळ बघत राहिली. मग तिनं लांबच्या कुंपणाकडे पाहिलं.

"ही तारेनं फाटली होती ना, ओलेगारियो?"

त्यानं हात सोडवून घेतला नाही.

"त्या दिवशी पाखराखाली आकाश नव्हतं, एल्विरा," तो म्हणाला.