साभार

गोदाची कादंबरी पाच प्रकाशकांकडून परत आली आणि पाचही वेळा सोबत एकच चिठ्ठी आली: ‘साभार परत’. साभार म्हणजे आभारांसकट, एवढं गुरुजींकडून कळल्यावर तिच्या बापाची, मिठागरावरच्या धाकूची, छाती फुगली. हा नकार असतो, हे सांगायला गोदाची जीभ काही रेटेना.

कल्याणला साहित्य संमेलन भरलं, तेव्हा धाकू तिला घेऊन थेट एका प्रकाशकापुढे उभा राहिला. टोपीतून पाची चिठ्ठ्या काढून त्याने टेबलावर मांडल्या.

“पाच मोठ्या मानसांनी माझे पोरीचे आभार मानलेत, सायेब. आता तुमी वाचा.”

गोदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रकाशकाने चिठ्ठ्यांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि हसू दाबत कादंबरीची वही उघडली. दोन पानांनंतर त्याचं हसू गेलं. दहाव्या पानापर्यंत समोरचा चहा गार झाला.

“वही राहू द्या माझ्याकडे,” तो म्हणाला. “मी छापतो.”

मांडवाबाहेर येताच गोदाला रडू फुटलं. धाकूने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

“रडू नको गो. छापील, त्यात काय मोठं? पन त्या पाचांसारखी आभार मानायची रीत नाय याला.”