पुतळाच्या तीन बाटल्या

मिठागरात पाट्या वाहून पुतळाचा मणका सरकला होता. "ऑपरेशनला तीन बाटल्या रक्त लागेल, घरच्यांना पाठवा," असं वाशीच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगताच तिचे दोन्ही दीर होडी घेऊन खाडीत निघून गेले. रक्त दिलं की बाप्याची ताकद कायमची जाते, असं गावात सगळेच मानत. "मंग माजंच घ्या," पुतळा म्हणाली. बाईंनी तिच्या रक्ताचा रिपोर्ट पुन्हा पाहिला. "घेता येईल, साठवून ऑपरेशनला तुलाच परत चढवू. पण दर आठवड्याला एक बाटली द्यावी लागेल." तीन सोमवार ती काठी टेकत आली आणि हात पुढे करून निजली. ऑपरेशनच्या सकाळी तिच्याच नावाच्या तीन बाटल्या तिच्याआधी आत गेल्या. दारात धाकटा दीर नामदेव बाही दुमडून उभा होता. "वयनी, माजं पन घ्या." "नको रं," ती म्हणाली. "तुजं अंगात गेलं तं मी पन टेबलावरून पलून जाईन."