पुलाजवळचा शिंपी

“मला फक्त शिंप्याबद्दल विचारायचंय,” पाहुणी म्हणाली, आणि निवृत्त मेजरच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

लष्कराच्या गुप्तवार्ता तुकडीचा इतिहास नुकताच छापून आला होता. त्या जाडजूड ग्रंथात मेजरच्या वाट्याला अर्धं पान आलं होतं, तेही शिंप्याच्या कृपेने. एरवी घरात त्याला विचारतो कोण? जावई तर तोंडावर म्हणायचा, “बाबा, तुमची सगळी लढाई टेबलावरची.” दुसऱ्या आवृत्तीत अख्खं प्रकरण मिळालं, की जावयाची बोलती बंद होणार होती. ही बाई त्याच कामाला आली असणार. तिच्याजवळ ना वही होती ना पेन, पण हल्ली सगळे फोनवरच टिपून घेतात.

“विचारा की!”

“होता कसा तो?”

“एका पायाने लंगडा. सरहद्दीपलीकडे, नदीच्या पुलाजवळ दुकान. सैनिकांचे गणवेश त्याच्याकडेच यायचे शिवायला. कुठल्या पलटणीला गरम कोट लागले, कुणाचा बिल्ला बदलला, सगळं मला कळवायचा.”

मेजर रंगात आला. रंगायला काय लागतं? शिंपी त्याच्याच डोक्यातून निघाला होता.

तरुणपणी तो शत्रूची वर्तमानपत्रं आणि रेल्वेची वेळापत्रकं वाचून अंदाज बांधायचा. अंदाज अचूक निघायचे, पण वरचे साहेब नाक मुरडायचे. “पेपर तर माझी बायकोही वाचते. तिथे तुमचा माणूस कोण?” शेवटी त्याने माणूस दिला. लंगडा केला, कारण धडधाकट असता तर तो सैन्यात कसा नाही, असं साहेबांनी विचारलं असतं. पूल नकाशावर होताच. त्या दिवसापासून तेच अंदाज साहेबांना वेदवाक्य वाटू लागले.

पुढे माघार घेताना कचेरीतल्या फायली मागेच राहिल्या. मेजरने ‘संपर्क तुटला’ असं लिहून शिंप्याला निवृत्त केलं. कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

“त्याच्या घरच्यांना माहीत होतं?” पाहुणीने विचारलं.

“छे हो! बायकोला शेवटपर्यंत पत्ता लागू दिला नाही. पक्का माणूस.”

मेजरची बायको चहा घेऊन आली आणि ट्रे धरून तशीच उभी राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती त्याचं बोलणं मन लावून ऐकत होती.

“अहो, हे कधी बोलला नाहीत ते?” ती म्हणाली.

“गुप्त होतं ना,” मेजर म्हणाला.

पाहुणी पुढे वाकली. “साहेब, पुस्तकात काय, काहीही छापतात. तुम्ही तोंडाने सांगा. तो खरंच तुमच्यासाठी काम करायचा? नसेल तर नाही म्हणा. मला राग येणार नाही.”

असा माणूसच नव्हता, एवढंच म्हणायचं होतं. पण मग हाती आलेलं अर्धं पानही गेलं असतं. मेजरने बायकोकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर कौतुक होतं, आणि ते त्याला फार हवंहवंसं वाटलं.

“शपथेवर सांगतो,” तो म्हणाला. “माझा सगळ्यात भरवशाचा माणूस.”

चहाला पाहुणीने हात लावला नाही. पर्स उचलून ती उभी राहिली.

“बरं झालं, आले ते. तुमच्या फायली आमच्या सैन्याला सापडल्या, आणि माझ्या वडिलांना त्यांनी दुकानासमोर उभं करून गोळी घातली. पुलाजवळ लंगडे शिंपी ते एकटेच होते. आई अजून अर्ज करत हिंडते, माझा नवरा निर्दोष होता म्हणून. आता घरी गेले की तिला सांगते, आई, पुरे कर.”