दुसरी आग

"वारं फिरलं, वहिनी!" धाकटा दीर ओरडला, तशी हातातल्या ओल्या डहाळीनं जाळ झोडपणारी ती थबकली. उन्हाळ्यात वणवा आलाच तर वर चढू नये, म्हणून गावातली वीस माणसं सकाळपासून टेकडीच्या पायथ्याचं वाळकं गवत पट्ट्यापट्ट्यानं जाळत होती. आता तीच आग पट्टा ओलांडून वर, गावानं जगवलेल्या आठशे झाडांकडे निघाली होती.

उपाय एकच होता. झाडांच्या अलीकडून दुसरी आग लावायची आणि तिची वरची कड झोडपत ती खाली सरकू द्यायची. दोन्ही आगी मधल्या गवतात भिडल्या की जळायला काही उरत नाही. पण त्या मधल्या गवतात एकटं जांभळाचं रोप उभं होतं. तिच्या नवऱ्याची राख नदीत न सोडता त्याच्या मुळाशी घातली होती. तीन वर्षांत ते तिच्या खांद्याला लागलं होतं.

दिरानं टेंभा पेटवला, पण त्याचा हात खाली जाईना. "दादाचं झाड हाय ते," तो पुटपुटला. वरच्या झाडांत धूर शिरला होता.

स्मशानात तिनं अग्नी द्यायला हात पुढे केला होता, तेव्हा 'बाईमाणसानं द्यायचा नसतो' म्हणत यानंच तिला मागे सारलं होतं.

"आणा तो टेंभा, भाऊजी," ती म्हणाली. "तवा तुम्ही दिला. आज मी देते."

टेंभा तिच्या हातात देऊन तो दोन पावलं मागे सरला.